ती शब्दांची वही आता मिटून ठेव

प्रिय मुली,

तू पाठवलेले वहीचे फोटो पाहिले. पानंच्या पानं इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ, अक्षरही सुरेख. मेहनत दिसते. तरी सांगते, ही वही आता मिटून ठेव. बी टू फर्स्ट या केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षेचा पेपर शब्दाचा अर्थ क्वचितच विचारतो. हा शब्द कोणाच्या सोबतीने वावरतो, हे मात्र पानोपानी विचारतो.

आपण कुठे घसरतो ते बघ. मराठीत एखाद्या विषयावर चर्चा होते, म्हणून हात आपसूक ‘डिस्कस अबाउट’ लिहून जातो. इंग्रजीत तिथे ‘अबाउट’ लागतच नाही. आपल्याकडे अमक्याशी लग्न होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’ सुचतं. हवं असतं ‘मॅरीड टू’. ‘अ’ आणि ‘द’ तर मराठीत नाहीतच, त्यामुळे ते गळाले तरी कानाला खटकत नाही. रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश या पेपरच्या दुसऱ्या भागात 8 गाळलेल्या जागा असतात, पर्याय एकही नसतो, आणि तिथे बहुतेक असलेच चिल्लर शब्द मागतात.

चौथा भाग माझ्या आवडीचा. तिथे 6 वाक्यं दुसऱ्या शब्दांत मांडायची असतात. समज, वाक्य दिलंय: ‘द लास्ट टाइम आय सॉ हिम वॉज टू इयर्स अगो.’ वापरायचा म्हणून दिलेला शब्द ‘सीन’. नवं वाक्य ‘आय’ने सुरू होऊन ‘टू इयर्स’ने संपतं, मधली जागा तुझी. उत्तर, ‘हॅवन्ट सीन हिम फॉर’. मोज बरं किती शब्द झाले. चार म्हणालीस ना? ‘हॅवन्ट’ दोन धरतात, म्हणजे पाच. मर्यादा दोन ते पाचचीच आहे, त्यामुळे इथे आणखी एक शब्द घुसवायला जागा नाही. दिलेल्या शब्दाचं रूपही बदलायचं नाही. प्रत्येक वाक्याला 2 गुण असतात आणि अर्धं जमलं तर एक मिळतो. चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत, तेव्हा कोरी जागा सोडलीस तर मी रागावेन.

या पेपरला 75 मिनिटं आणि 52 प्रश्न. उताऱ्याच्या एका प्रश्नावर रेंगाळलीस की शेवटच्या भागातले 10 सोपे प्रश्न हातचे जातात.

रायटिंगला 80 मिनिटांत दोन मजकूर, प्रत्येकी 140 ते 190 शब्द. पहिला निबंध सक्तीचा. त्यात दोन मुद्दे ते देतात, तिसरा तुझा स्वतःचा हवा. तुझ्या मागच्या निबंधात तो तिसरा मुद्दाच नव्हता. भाषा छान होती म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. अडीचशे शब्दांचा पसारा मांडण्यापेक्षा शेवटची पाच मिनिटं राखून ‘अ’ आणि ‘द’ तपासत जा.

लिसनिंगची फार धास्ती घेऊ नकोस, सगळं दोनदा ऐकवतात. फक्त पर्यायातला शब्द जसाच्या तसा कानावर पडला की सावध हो. पुष्कळदा बोलणारा पुढच्याच वाक्यात तो खोडून काढतो.

स्पीकिंगला समोर दोन परीक्षक आणि शेजारी तुझ्यासारखाच एक उमेदवार. मी दिली तेव्हा माझा जोडीदार अबोल होता, आणि मी ते आपल्या पथ्यावर पडलं समजून अखंड बोलत सुटले. चुकलंच. तिसऱ्या भागात दुसऱ्याला बोलतं करणं हाही परीक्षेचाच भाग आहे. ‘तुला काय वाटतं?’ एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. फोटोंच्या भागात एक मिनिट मिळतं. ‘इथे झाड आहे, तिथे माणूस आहे’ यात ते घालवू नकोस. दोन फोटोंची तुलना कर आणि वर छापलेल्या प्रश्नाचं उत्तर दे.

नवी वही काढायचीच असेल तर चुकांची काढ. चुकलेलं वाक्य, खाली दुरुस्त केलेलं, बाजूला तारीख. पुढच्या पत्रासोबत एक निबंध पाठव, घड्याळ लावून लिहिलेला. फेअर करू नकोस, खाडाखोड मला बघायची आहे.

तुझी,
ताई