मजूर पुरवठ्याचा धंदा: पैसा कुठं अडकतो

भाऊ, ऑफिसच्या भाड्याचं टेन्शन घेऊ नको. तालुक्याला एक खोली, टेबल, लॅपटॉप एवढ्यात भागते. खरा पैसा अडकतो पगारात. समजा, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्याला 20 पोरं दिली, प्रत्येकी 15,000 प्रमाणे महिन्याचे 3 लाख झाले. पगार 7 तारखेच्या आत द्यावाच लागतो. कंपनीकडून बिल मात्र दोन-दोन महिने निघत नाही. वर पीएफचा मालकाचा हिस्सा साधारण 13 टक्के, ईएसआयचा (कामगारांचा आरोग्य विमा) 3.25 टक्के. बिलावरचा 18 टक्के जीएसटीही बहुतेकदा आधी खिशातूनच जातो. दोन महिन्यांचा पगार हाती नसेल तर करारावर सही करूच नको. आणि हा खड्डा पोरांकडून नोंदणी फी घेऊन भरू नको रे, कापूस बुडाला म्हणूनच ती तुझ्याकडे येतात.