वाचकांचे प्रश्न: जनुक सगळीकडे, मग गाठ हाडातच का?

प्रश्न: उंदरातलं एक जनुक काढलं की हाडाचा कर्करोग होतो, असं वाचलं. जनुक तर प्रत्येक पेशीत असतं. मग गाठ नेमकी हाडातच कशी येते?

उत्तर: शंका रास्त आहे. पी-५३ हे जनुक डीएनए बिघडलेल्या पेशीचं विभाजन रोखतं, बिघाड हाताबाहेर गेला तर तिला मरायला लावतं. हे जनुक अंगभर काढलेल्या उंदरांचं वर्णन १९९२ साली आलं. बहुतेकांना सहा महिन्यांच्या आतच गाठी झाल्या, पण त्यांत लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कर्करोग, जास्त. हाडाच्या गाठीला लागणारा वेळ त्यांना मिळतच नव्हता.

म्हणून आता जनुक फक्त हाड घडवणाऱ्या पेशींत कापतात. जनुकाच्या दोन्ही अंगांना ३४ अक्षरी ‘लॉक्स-पी’ खुणा बसवायच्या आणि ‘क्रे’ ही त्या खुणांवर कापणारी प्रथिनाची कात्री ऑस्टेरिक्स या हाड घडवणाऱ्या पेशींत चालू होणाऱ्या जनुकाच्या कळीला जोडायची. अशा उंदरांत पी-५३ गेलं की ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, होतो. आरबी हे दुसरं जनुक एकटं गेलं तर होत नाही. दोन्ही गेली तर गाठ कित्येक महिने आधी दिसते. म्हणजे आरबीचं जाणं ठिणगी नव्हे, तेल आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे तुलना साध्या उंदरांशी करणं. ऑस्टेरिक्स-क्रे नुसती असली तरी पिल्लं लहानखुरी राहतात, हाडांतही दोष दिसतात. तुलनेला त्याच वेतातली, क्रे असलेली पण खुणा नसलेली भावंडं हवीत. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन कात्री बंद ठेवता येते खरी, पण हे औषध कॅल्शियमला चिकटून हाडात मुरतं. ते थांबवलं त्याच दिवशी कात्री सुरू झाली, असं धरू नये.

प्रश्न: गाठ ‘वाढली’ हे मोजतात कसं?

उत्तर: कॅलिपर या मापपट्टीच्या चिमट्याने. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. १० बाय ८ मिलिमीटरची गाठ ३२० घनमिलिमीटर होते. रुंदी चुकून ९ वाचली तर ४०५! एका मिलिमीटरने सव्वापट. म्हणून मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे कळू देऊ नये. पायाच्या मापात हाड आणि स्नायूही येतात, तेव्हा दुसरा पायही मोजावा. मायक्रो-सीटी या बारीक क्ष-किरण स्कॅनमध्ये खनिज ठळक दिसतं, मऊ गाठ निसटते.

शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला गाठीचे पातळ काप घ्यावेच लागतात. त्याआधी हाडातलं कॅल्शियम ईडीटीए या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनाने हळूहळू काढावं. दोन-तीन आठवडे जातात. आम्लाने काम झटपट होतं, पण डीएनए तुटतो आणि जनुक खरंच गेलं का, हे तपासता येत नाही. त्या तपासणीत डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात. न कापलेल्या जनुकाची पट्टी फिकट दिसली तर घाबरू नका, ती गाठीतल्या रक्तवाहिन्यांची आणि प्रतिकारपेशींची. कापलेल्या जनुकाची पट्टीच नसेल, तर मात्र ती गाठ हिशेबात धरू नये.