हॉस्टेलला निघालायस तर

रूममेट जिवलग मित्र झालाच पाहिजे असं काही नाही रे. रात्री दिवा किती वाजता बंद करायचा, एवढं जमलं तरी पुष्कळ. ते पहिल्याच आठवड्यात बोलून घे. सबमिशनच्या दिवसांत सगळ्यांचंच डोकं तापलेलं असतं. कपाटाला स्वतःचं कुलूप आण, एक्स्टेन्शन बोर्ड आण. पाणी तापवायचा रॉड मात्र नको, बहुतेक ठिकाणी रेक्टर जप्त करतात. घरचा चिवडा-लाडू कुलपात ठेवू नकोस, तसाही उरणार नाही! उसने पैसे त्याच दिवशी लिहून ठेव. आणि कुणी रॅगिंग करायला लागलं तर सहन करत बसू नकोस. यूजीसीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते: १८००-१८०-५५२२.