वाचकांचे प्रश्न : मिक्सरवरचा पॅन संगणकात वेगळा का लागतो?

प्रश्न : आमचं भजन आजवर १६ चॅनेलच्या ॲनालॉग मिक्सरवर मिसळत होतो. आता संगणकावर रीपर हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. पॅनचे नॉब आणि फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) होते तसेच लावले, तरी बुवांचा आवाज आणि पखवाज अंगावर येतात, कडेचे टाळकरी मागे पडतात. माईक तेच आहेत. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पॅन म्हणजे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटणारा नॉब. फरक ‘पॅन लॉ’चा आहे, म्हणजे नॉब मध्यावर असताना आवाज किती खाली आणायचा या नियमाचा. मध्यावरचा आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून खोलीत तो सुमारे ३ डेसिबलने मोठा लागतो. ॲनालॉग मिक्सरमध्ये नॉब मध्यावर आला की सर्किटच तो आवाज खाली आणतं, सहसा ३ ते ४.५ डेसिबलने. रीपरचं मूळ सेटिंग मात्र ० डेसिबल असतं. मधल्याला कात्री लागतच नाही, म्हणून बुवा पुढे सरकतात.

आधी मिक्सरचा आकडा काढा. संगणकातून १ किलोहर्ट्‌झचा सूर –१८ डेसिबलवर मिक्सरच्या एका मोनो चॅनेलला द्या, इक्यू (जाड-बारीक सुरांचे नॉब) सपाट ठेवा. मिक्सरचं मेन आउटपुट, फक्त डावं, ऑडिओ इंटरफेसमध्ये (मिक्सर संगणकाला जोडणाऱ्या डब्यात) परत घ्या. त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (आत आलेला आवाज लगेच बाहेर सोडणं) बंद हवं, नाहीतर सूर गोल फिरून शिट्टी मारेल. पॅन पूर्ण डावीकडे नेऊन मीटर वाचा, मग मध्यावर आणून वाचा. जेवढी घट, तेवढा तुमच्या मिक्सरचा पॅन लॉ. मिक्सरच्या दिव्यांवर विसंबू नका, त्यांच्या पायऱ्या फार मोठ्या असतात.

रीपरमध्ये ऑल्ट-एंटर दाबून ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये तो आकडा भरा. ‘गेन कॉम्पेन्सेशन’वर खूण नको. ती केली तर मध्य जागेवर राहतो आणि कडा वर चढतात. प्रमाण तेच, पण टाळांच्या ठोक्यांनी मास्टरवर (एकूण आवाजाच्या मीटरवर) लाल दिवा लागू शकतो. हे सगळं फेडर हलवण्याआधी करा. मिश्रण तयार झाल्यावर पॅन लॉ बदलला तर एकूण एक प्रमाण हलतं. क्युबेस या सॉफ्टवेअरमध्ये हेच प्रोजेक्ट सेटअपमध्ये सापडतं. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये निवड नाही. तिथे मध्य ० वर राहतो आणि पूर्ण कडेला ३ डेसिबल वाढतात.

प्रश्न : मिक्सरवर ‘१० वाजता’ ठेवलेला नॉब सॉफ्टवेअरमध्ये किती?

उत्तर : नॉब साधारण ७ वाजल्यापासून ५ वाजेपर्यंत फिरतो, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १५० अंश. १० वाजता म्हणजे ६० अंश, म्हणून डावीकडे ४०. अकरा वाजता २०, नऊ वाजता ६०. हे १०० च्या मापाचं झालं. लाइव्हचं माप ५० चं आहे, तिथे निम्मं करा. जुन्या मिक्सरचा नॉब घासलेला असेल तर त्याचा ‘मध्य’ही नेमका मध्य नसतो. तेव्हा आकडा ही सुरुवात धरा, शेवटचा निर्णय कानाचा.

प्रश्न : तबला दोन माईकने स्टीरिओ ट्रॅकवर घेतला : डावीकडे दायाँ (उजव्या हाताने वाजवायचा तबला), उजवीकडे डग्गा. पूर्ण तबला डावीकडे नेला तर डग्गाच गेला!

उत्तर : स्टीरिओ ट्रॅकवरचा पॅन बहुतेक ठिकाणी ‘बॅलन्स’ असतो. तो उजवी बाजू डावीकडे नेत नाही, नुसती खाली करतो. मिक्सरवर दोन माईकना दोन नॉब होते, म्हणून हा प्रश्न आला नव्हता. रीपरमध्ये पॅन नॉबवर राइट क्लिक करून ‘ड्युअल पॅन’ निवडा. दायाँ डावीकडे ६०, डग्गा डावीकडे १० ठेवून पाहा. लाइव्हमध्ये ‘स्प्लिट स्टीरिओ पॅन’ आहे. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये स्टीरिओ ट्रॅकला दोन नॉब आधीपासूनच असतात, पण दोन्ही चुकून मध्यावर आले तर ट्रॅक मोनो होतो. मंडपातला भोंगा किंवा साधा फोन दोन्ही बाजू एकत्र करतो, म्हणून तयार मिश्रण एकदा मोनोत ऐका : –३ च्या पॅन लॉमध्ये तिथे मधला आवाज कडांपेक्षा ३ डेसिबल वर येतो.