ग्रॅच्युइटीचे पैसे आणि सहा फुटांचा समुद्र

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचं कोटेशन दोन्ही नीट वाचलं. १६ वर्षांची नोकरी सोडून तुम्ही नव्या कंपनीत रुजू झालात आणि जुन्या कंपनीकडून ग्रॅच्युइटीचे ७ लाख २० हजार हातात आले. त्यातून सिंहगड रस्त्यावरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे, प्रवाळासकट. कोटेशन ५ लाख ८० हजारांचं आहे. लहानपणी वडिलांनी तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं, तेव्हापासूनची ही इच्छा. पत्नी म्हणतात, "हौसेला मोल नसतं, पण हप्ता असतो." तुम्ही विचारलंय की ही उधळपट्टी आहे का.

मी उधळपट्टी म्हणणार नाही. चाळीस वर्षं जपलेली इच्छा पुरी करायला पैसे खर्चावेत, त्यासाठीच तर ते मिळवायचे. पण या कोटेशनप्रमाणे टाकी आत्ता करू नका, हे मात्र स्पष्ट सांगतो. आणि तुमच्या पत्नीचं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा, कारण पुढचा माझा सगळा हिशेब त्या एका वाक्यातच आहे.

कोटेशनमध्ये खरेदीची किंमत आहे, सांभाळण्याची नाही. तुम्ही पत्रात "महिना चार-पाच हजार येतील" असं लिहिलंय. हा आकडा विक्रेत्याने तोंडी दिलेला दिसतो. आपण तो मांडून बघू.

आधी वीज. प्रवाळासाठी लागणारे लाइट साधारण ३०० वॉटचे, रोज आठ-साडेआठ तास, म्हणजे अडीच युनिट. सम्पमधून, म्हणजे मुख्य टाकीच्या खाली ठेवलेल्या छोट्या टाकीतून, पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, लाटा करणारे वेव्हमेकर आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा प्रोटीन स्किमर ही तिन्ही यंत्रं २४ तास चालतात, कधीही बंद होत नाहीत. त्यांचे रोजचे साडेतीन ते चार युनिट. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाणी २६ अंशांवर ठेवायचं तर चिलर हवाच, त्याचे आणखी चार. रोजचे दहा युनिट, महिन्याचे ३००. तुमच्या घरचा वापर आत्ता २२० युनिटांच्या आसपास आहे. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे टाकीचे युनिट तुमच्या बिलाच्या स्वस्त टप्प्यात बसणार नाहीत, ते सगळे वरच्या महाग टप्प्यांत जातील. सगळे आकार धरून मी युनिटला १५ रुपये धरलेत. झाले ४,५००. तुमचा सगळा अंदाज विजेतच संपला.

मग मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; तयार मिश्रण थोडा ओलावा धरतं म्हणून ३७ धरू. टाकी ६८० लिटरची आणि खालचा सम्प मिळून ८०० लिटर. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर महिन्याला पावणेतेरा किलो मीठ लागतं. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार मोजून घातलेलं आयात मिश्रण असतं. तुमच्या कोटेशनमधलाच भाव किलोला ३४० रुपयांचा आहे. म्हणजे ४,३०० रुपये. हे मीठ नळाच्या पाण्यात कालवून चालत नाही, क्षार पूर्ण काढून टाकणाऱ्या आरओ-डीआय युनिटमधून काढलेलं पाणी लागतं आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. उन्हाळ्यात टाकीतून रोज आठ-दहा लिटर उडून जातं, ते वेगळं भरायचं. टँकर येणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर याचाही विचार करा.

खाद्य, प्रवाळाला रोज द्यावे लागणारे कॅल्शियम-अल्कलिनिटीचे डोस, टेस्ट किट, फिल्टरची काडतुसं यांचे ३,०००. दगावलेल्या माशांच्या जागी नवे मासे वगैरेचे २,०००. इथपर्यंत १३,८०० झाले. यंत्रं खाऱ्या पाण्यात काम करतात, त्यामुळे पाच-सहा वर्षांत एकेक करून सगळी बदलावी लागतात. तीन लाखांची यंत्रं धरली तर त्यासाठी महिना ४,००० बाजूला टाकायला हवेत. एकूण जवळपास १८,०००.

आता तुमची मिळकत. हातात १,५५,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ३८,७५०, एसआयपी २५,०००, घरखर्च ६०,०००, मुलीचं अकरावीचं कॉलेज आणि क्लास १५,०००. उरतात १६,२५०. टाकी मागते १८,०००. पहिल्याच महिन्यापासून तुम्ही एसआयपीला हात लावणार, आणि मुलीची बारावी संपेपर्यंत तो हात निघणार नाही. तेच १८,००० दहा वर्षं गुंतवले आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला तर ३७ लाखांच्या आसपास जमतात. परताव्याची हमी कोणी देत नाही, पण कशाच्या बदल्यात काय सोडतोय याचा अंदाज यावा म्हणून सांगतो.

एकरकमी पैशाचंही असंच. तुमचं ३८ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी अजून १४ वर्षं चालायचंय. त्यात आज ६ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर ते साडेतीन वर्षं आधी फिटतं आणि व्याजाचे दहा लाखांहून अधिक रुपये वाचतात.

ग्रॅच्युइटीला तुम्ही पत्रात दोन ठिकाणी "अनपेक्षित मिळालेले" म्हटलंय. तसं समजू नका. ७८,००० मूळ पगारावर, वर्षामागे पंधरा दिवसांच्या हिशेबाने १६ वर्षांचे हे पैसे आहेत. तुमच्या म्हातारपणासाठी कायद्याने बाजूला ठेवलेली तुमचीच मजुरी आहे ती. शिवाय नव्या नोकरीत सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ चालू आहे आणि हाताशी फक्त २ लाख ४० हजारांची एफडी. माझी खरी काळजी इथे आहे. घरखर्च, हप्ता आणि मुलीचं शिक्षण मिळून महिना १,१३,७५० लागतात, म्हणजे सहा महिन्यांचे ६ लाख ८० हजार हाताशी हवेत. तूट ४ लाख ४० हजारांची आहे. ती आधी भरायची. यावर मी तडजोड करणार नाही.

प्रवाळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात पैशापेक्षा मोठी जोखीम आहे. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत "लाइव्ह कोरल, लाइव्ह रॉक व मासे" असं एकत्र लिहिलंय, ना जातीचं नाव, ना कुठून आणलं याचा उल्लेख. आपल्या समुद्रातली प्रवाळं २००१ सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. त्यांचा व्यापार आणि बाळगणं गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची. लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा खडकातून फोडून काढलेला प्रवाळाचाच सांगाडा. विक्रेता "माल इंडोनेशियाचा आहे" असं सांगेल. कठीण प्रवाळं आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराखाली येतात, त्यामुळे आयातीला परवाना लागतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, अशा जातींच्या जिवंत नमुन्यांच्या नोंदणीची जबाबदारी पाळणाऱ्यावरही आहे. परवान्याची प्रत आणि पक्कं बिल नसेल तर तो तुकडा फुकट मिळाला तरी घरात आणू नका. मालवणच्या समुद्रात बुडी मारून प्रवाळ पाहिलेला माणूस म्हणून हेही सांगतो, की तिथे ते ज्या डौलात असतं ते बघितल्यावर तोडून आणलेला तुकडा विकत घ्यावासा वाटत नाही.

प्रवाळ वजा केलं की हिशेब एकदम बदलतो. महागडे लाइट लागत नाहीत, रोजचे डोस लागत नाहीत, आणि फक्त मासे असतील तर पाणी २७-२८ अंशांपर्यंत गेलं तरी चालतं. पृष्ठभागावर वारा घालणारे छोटे पंखे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतात, चिलर वाचतो.

म्हणून मी सुचवतो ते असं. ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी, साधारण ३४० लिटर. माणसाने बनवलेले सिरॅमिकचे खडक. क्लाउनफिशची एक जोडी, दोन-तीन गोबी (तळाशी राहणारे छोटे मासे), क्लीनर कोळंबी. क्लाउनफिश हॅचरीत पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलं आहे, आणि असे मासे बंदिस्त जागेला आणि तयार खाद्याला सरावलेले असल्यामुळे दगावतात कमी. मुलीने मागितलेला ब्लू टँग मात्र यात बसणार नाही. दुकानात तो बोटभर दिसतो, पण वाढून फूटभर होतो आणि त्याला लांब पोहायला लागतं. चार फुटांत त्याला कोंडणं बरोबर नाही. हे तिला आधीच सांगा.

या टाकीचा उभारणीचा खर्च १ लाख ८० हजारांत बसतो. वीज १,५००, मीठ १,५००, खाद्य आणि बाकी १,५००, यंत्रबदलीसाठी १,५००. महिना ६,०००. तुमच्या १६,२५० मध्ये हे आरामात मावतं आणि वर दहा हजार उरतात. ७ लाख २० हजारांची वाटणी अशी: ४ लाख ४० हजार आपत्कालीन निधीत, १ लाख ८० हजार टाकीला, ४० हजार टाकीच्या बिघाडासाठी वेगळ्या एफडीत, ६० हजार गृहकर्जाच्या मुद्दलात.

पण टाकीचा पहिला रुपया प्रोबेशन संपल्यावर. तोवर दर महिन्याच्या ५ तारखेला ६,००० वेगळ्या खात्यात टाका, टाकी घरात आहे असं समजून. सहा महिने हे न चुकता जमलं तर पुढेही जमेल, आणि ३६ हजार हाताशी असतील ते वेगळेच.

एक जागा अशी आहे जिथे पैसे वाचवू नका असंच सांगेन, ती म्हणजे वजन. तुमच्या सहा फुटी टाकीत पाणीच ६८० लिटर, त्यात काच, वाळू, खडक, स्टँड आणि सम्प धरला तर टनाच्या वर जातं, आणि ते उभं राहतं बारा चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो आहे. तुमची टाकी त्याच्या पाचपट भरेल. म्हणून स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, भार पसरतो, पण हा निर्णय विक्रेत्याने घ्यायचा नाही आणि मीही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, बीम कुठून जातोय ते दाखवायला सांगा आणि लेखी घ्या. चार फुटी टाकीसाठीही घ्या. मी उंची दीड फूट सुचवली त्यामागे हेही कारण आहे: चौरस फुटावर येणारा भार उंचीवर ठरतो, लांबीवर नाही.

माझ्या एका अशिलाच्या घरी मी वार्षिक आढाव्याला जात असे. त्यांच्या टाकीमागचा एक्स्टेंशन बोर्ड मला आजही आठवतो. पाण्याचे बारीक तुषार उडून वाळत गेले होते आणि सॉकेटच्या भोकांभोवती मिठाचा पांढरा खरपुडा चढला होता, जुन्या बॅटरीच्या टोकांवर चढतो तसा. एका रात्री तो बोर्ड जळाला, पंप थांबले आणि सकाळपर्यंत प्राणवायूअभावी सगळे मासे गेले. एका चांगल्या बोर्डाचे दोन हजार वाचवले होते. तुम्ही टाकीसाठी वेगळं सर्किट घ्या, करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा, बोर्ड टाकीच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला ठेवा. तुमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा निदान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालायला हवा. कोटेशनमध्ये यातलं काहीही नाही. १ लाख ८० हजारांत मी ते धरलंय.

घराचा विमा असेल तर कंपनीला ईमेल करून दोन गोष्टी लेखी विचारा: फिशटँक फुटून घराचं नुकसान झालं तर भरपाई मिळते का, आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत भिजलं तर त्यांचा खर्च कोण देणार. दुसऱ्यासाठी बहुधा वेगळं दायित्व कवच घ्यावं लागेल.

विक्रेता बिनव्याजी हप्त्यांची योजना दाखवत असल्याचं तुम्ही लिहिलंय. ती नको. रोख दिलं तर किती कमी करता, हे विचारा. जो आकडा कमी होईल तेच त्या योजनेचं व्याज. वापरलेला सम्प, स्टँड आणि पंप घ्यायला हरकत नाही, दीड-दोन वर्षांत कंटाळून टाकी काढणारे बरेच असतात आणि सामान निम्म्या किमतीत मिळतं. काच मात्र नवीनच घ्या, जुन्या सिलिकॉनवर भरवसा ठेवू नका.

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे त्यात एकही मासा सोडायचा नाही. खडकांवर जिवाणूंची वस्ती बसेपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येत नाहीत, आणि या काळात घाई केलेले मासे मरतात आणि पैसेही जातात. त्या दिवसांत रोजचं मोजमाप पत्नी किंवा मुलगी करू शकतील का, हे बघा. तुम्ही कामाने बाहेरगावी असता, घरात दुसऱ्या एकाला तरी टाकी कळायला हवी.

इंजिनिअरचं पत्र आणि चार फुटी टाकीची नवी दोन कोटेशनं, वेगवेगळ्या विक्रेत्यांची, प्रोबेशन संपण्याच्या महिनाभर आधी पाठवा. त्यात प्रत्येक वस्तूची किंमत, वॉट आणि वॉरंटी स्वतंत्र ओळीत लिहून मागा. एसआयपीचं विवरणही सोबत जोडा, मुलीच्या शिक्षणाच्या रकमेत मला एक फंड दोनदा मोजलेला दिसतोय.