उशीच्या अभ्र्याला पिळाची डोरी लावताना ती मशीनवर सरकते आणि टोकं उसवतात, काय करावं?

आधी डोरी बघा. तिला कडेला कापडी पट्टी असेल तर अभ्र्याच्या दोन थरांमध्ये घालून मशीनवर झिपर फूटने (चेन लावायला वापरतात तो मशीनचा अरुंद पाय) शिवा. साधा फूट डोरीवर चढतो, म्हणूनच ती सरकते. कोपऱ्यात पट्टीला दोन-तीन काप द्या, नाहीतर कोपरा गोळा होतो.

नुसती डोरी असेल तर मशीनचा नाद सोडा, हातानेच लावा. अभ्रा शिवून सुलटा करा, डोरी शिवणीवर ठेवा. सुई शिवणीतून काढून डोरीच्या दोन पिळांच्या मधून तिरकी न्या, म्हणजे टाका पिळातच लपतो. टाके साधारण अर्ध्या सेंटीमीटरवर. डोरी ताणू नका. मी पहिल्यांदा ताणली होती, चौकोनी उशी कचोरीसारखी फुगली!

डोरी कापण्याआधी त्या जागी सेलोटेप घट्ट गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कापा, पीळ सुटत नाही. खालच्या शिवणीत दीड-दोन सेंटीमीटर फट आधीच ठेवा, दोन्ही टोकं तिच्यात खुपसून वर चार पक्के टाके घाला.

आणि लाल-मरून डोरी असेल तर आधी भिजवून बघा, रंग जातो.