आधीच वितळलेल्या भिंतीला वितळायची भीती कसली?

तुमचा प्रश्न असा: हायड्रोजनचे अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या संलयन अणुभट्टीच्या आत पंधरा कोटी अंश, आणि भिंतीला म्हणे 180 अंशांना वितळणारं लिथियम! हा उफराटा कारभार कशासाठी?

आधी तापमान आणि उष्णता यांची फारकत करून घ्या. आतला प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला हायड्रोजन वायू, हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो, शिवाय चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून लांब धरतं. खरी मारामारी डायव्हर्टरपाशी, म्हणजे प्लाझ्मातली राख आणि उष्णता बाहेर काढणाऱ्या भागापाशी. बाहेर पडणारा झोत तिथल्या अरुंद पट्ट्यावर आदळतो. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या प्रायोगिक भट्टीत तिथे दर चौरस मीटरला 10 मेगावॅट सतत आणि थोड्या वेळासाठी 20 धरलेत. टंग्स्टन 3422 अंशांपर्यंत वितळत नाही हे खरं, पण त्याला तडे जातात, हेलियमच्या माऱ्याने पृष्ठभागावर लव उगवते आणि उडालेला टवका काही परत भरून येत नाही. द्रव मात्र भरून येतो.

मग सरळ वाहतं ठेवा की, असं वाटेल. पण चुंबकीय क्षेत्रातून धातू वाहू लागला की त्यात विद्युतप्रवाह उठतात आणि तेच त्याला ब्रेक लावतात. वर प्लाझ्मा बिथरला, तर थेंब उडून आतच जायचे. म्हणून रशियन संशोधकांनी लिथियम बारीक जाळीच्या छिद्रांत पृष्ठताणावर धरून ठेवलं; त्यांच्या टी-11एम आणि इटलीतल्या एफटीयू या प्रायोगिक यंत्रांमध्ये ते वापरलं गेलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या लोकांची युक्ती मला जास्त आवडते: अरुंद चरांत लिथियम भरायचं, लिथियम आणि स्टील यांच्यातल्या तापमानफरकाने वीज निर्माण होते आणि चुंबकीय क्षेत्रच द्रवाला पुढे ढकलतं. शत्रूलाच हमाल केलं!

त्याआधी साधी गोष्ट, लिथियमने खालचा धातू ओला व्हायला हवा. नुकतं वितळलेलं लिथियम स्टीलवर मण्यांसारखं गोळा होऊन बसतं; आणखी बरंच तापवल्यावर कुठे पसरतं. चीनच्या ईस्ट या प्रायोगिक यंत्रात पाटीवरून लिथियम सोडलं, तेव्हा सुरुवातीला ते सगळीकडे पसरलंच नाही.

आता गोम. लिथियम हायड्रोजन गिळतं, त्यामुळे भिंतीवर आदळून गार झालेला वायू परत येत नाही आणि प्लाझ्माची कडही गरम राहते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या एलटीएक्स या प्रायोगिक यंत्रात केंद्रापासून कडेपर्यंत तापमान जवळजवळ सपाट मिळालं, ते यामुळेच. पण ते ट्रिटियमही, म्हणजे भट्टीचं इंधन असलेला जड हायड्रोजनही, तितक्याच आवडीने गिळतं. ट्रिटियम दुर्मिळ आणि किरणोत्सारी, त्याचा कणन् कण हिशेबात हवा. लिथियम बाहेर काढा, ट्रिटियम वेगळं करा, परत आत सोडा, हे चालू यंत्रात अखंड व्हायला हवं. उष्णतेपेक्षा गाडी इथे अडेल, असं माझं मत.

लिथियमऐवजी कथिल घेतलं तर बाष्पीभवन खूप कमी, ट्रिटियमही फारसं धरत नाही. पण त्याचा अणुक्रमांक 50, लिथियमचा 3. कथिल थोडंसं जरी आत शिरलं तरी प्लाझ्माची ऊर्जा प्रकाशरूपाने निसटते.

आणि न्यूट्रॉनबद्दल विचारलंत: संलयनातून सुटणारे 14 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन लिथियमचा हा पातळ थर आरपार भेदून जातात. मागच्या स्टीलचा त्रास तसाच राहतो.